पडद्यापलीकडची भूक

हे खरं घडलेलं आहे.

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. मीही आधी अशा गोष्टी वाचून हसायचे. पण हे माझ्या आत्याच्या बाबतीत घडलं आणि मी तिथेच, तिच्या कॉटजवळच्या स्टुलावर बसलेली होते.

आणखी एक सांगते. भुताची गोष्ट म्हटली की काळोख, मध्यरात्र, ओसाड रस्ता असं काहीतरी असतं. इथे तसलं काहीही नाही. जे घडलं ते ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात घडलं. माणसं ये-जा करत असताना.

आणि दर वेळी... जेवणाच्या वेळेला.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. आमच्याच घरी राहिली, मला तिनेच वाढवलं. बाजारात तिचं अल्टरेशनचं छोटं दुकान होतं. पँटची लांबी कमी कर, चेन बदल, कंबर सैल कर, असली कामं. जिभेला धार आणि मन लोण्याचं. गिऱ्हाईक सुटलेलं पोट घेऊन आलं की म्हणायची, "कापड मी वाढवून देईन, पण पुढच्या वेळी तुम्ही तरी थोडं आवरा." माणूस चिडायचा नाही, हसायचा.

मला ती ठमे म्हणायची. तिशी ओलांडली तरी मी ठमीच.

तिच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन करून तेवढा भाग काढला आणि दोन्ही टोकं जोडली. मी ऑफिसातून रजा काढली आणि तिच्यापाशी राहिले. सर्जरीचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. एका खोलीत दोन कॉट, मध्ये फिकट हिरवा पडदा. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसायची, बाकी काही नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टर आल्या. शांत बाई. आत्याचं पोट हलक्या हाताने तपासलं आणि म्हणाल्या, "आजपासून खायला सुरुवात करायची."

बाबा ताडकन उठले. "अहो, काल टाके घातलेत! आणि आज खायला?"

"घाबरू नका. पूर्वी आम्ही बरेच दिवस उपाशी ठेवायचो. आता तसं करत नाही. आतडं जितकं लवकर कामाला लागेल तितकं बरं. आधी घोट घोट पाणी, मग सूप, मग मऊ अन्न. खुर्चीत बसायचं, व्हरांड्यात चालायचं. आणि हो, च्युइंगम चघळायचं."

"काय?" आत्याने मान वर केली.

"च्युइंगम. चघळलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय. ते जागं होतं."

"या वयात च्युइंगम!" आत्या मला म्हणाली. "ठमे, फुगा करता येईल असं आण."

डॉक्टरसुद्धा हसल्या. बाबा मात्र नाही हसले. ते दारात उभे राहून पुटपुटत होते, "माझं मन नाही मानत."

पडद्यापलीकडच्या कॉटवर एक बाई होत्या. शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. त्यांचं आतडं आतल्या आत फुटलं होतं. घाईघाईत ऑपरेशन झालं, पण नंतर आतडं जागंच झालं नाही. नाकातून नळी, हाताला सलाईन. तोंडाने काहीही नाही, पाण्याचा घोटही नाही. ओठ सुकले की त्यांची लेक ओला कापूस फिरवायची. लेक पार्लरमध्ये काम करायची. दिवसभर उभं राहून यायची आणि आईच्या पायाशी बसून पेंगायची.

दुपारी आत्याला सूप आलं. तिने पहिला चमचा घेतला.

तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला. अगदी बारीक, कोरडा.

"कसं लागतं?"

आत्या थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "भाजीचं पाणी आहे हो. मीठ टाकायला विसरलेत मेले. पण गरम आहे. घशातून उतरताना बरं वाटतं."

"पोटात पोहोचलं की कसं वाटतं?"

"ऊन पडल्यासारखं."

पलीकडे कॉट करकरली. मग... "अजून एक घ्या ना."

त्या दिवसापासून हा खेळच सुरू झाला. आत्याला काही आलं की ती आधी पडद्याकडे तोंड करून बसायची. एकेक घास सांगायची. बटाटा किती मऊ आहे, दही आंबट आहे की गोड, अंडं नीट उकडलंय की नाही. मास्तरीणबाई ऐकायच्या, मध्येच प्रश्न विचारायच्या. कधी कधी दोघी हसायच्या.

मी म्हटलं, "आत्या, बिचारीला खाता येत नाही, आणि तू चव सांगतेस?"

"ती मागते म्हणून सांगते. एवढंच तर आहे माझ्याकडे द्यायला."

आत्याची तब्येत झपाट्याने सुधारत होती. गॅस पास झाला का, हे विचारायला सकाळ-संध्याकाळ कोणी ना कोणी यायचं. "आयुष्यभर जे चारचौघांत लपवलं," आत्या म्हणाली, "ते आता अख्खा दवाखाना तोंडावर विचारतोय." आणि ज्या दिवशी ती हो म्हणाली, त्या दिवशी वॉर्डच्या सिस्टरने चक्क टाळ्या वाजवल्या.

त्याच संध्याकाळी मास्तरीणबाई पडद्यापलीकडून म्हणाल्या, "आज तुम्ही खाल्लंत ना... ते मला पोहोचलं हो."

"म्हणजे?"

"पोट भरल्यासारखं वाटलं. खरंच."

आत्या खूश झाली. मला मात्र, का कोण जाणे, ते बरं नाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या जेवत होती. मऊ भात आणि दही. ती नेहमीसारखी सांगत होती. "भात अगदी गिजगा केलाय. दही घट्ट आहे. थोडी साखर असती तर..."

पलीकडून उत्तर आलं नाही.

"झोपलात का हो?"

काही नाही.

आत्याला वाटलं ऐकताहेत. ती सांगत राहिली. भात संपेपर्यंत सांगत राहिली. मग लेक, त्या दिवशी तिला सुट्टी होती, बाहेरून जेवून खोलीत आली, पडद्यामागे गेली... आणि तिची किंकाळी ऐकू आली.

धावपळ झाली. सिस्टर आल्या, डॉक्टर आले, पडदा पूर्ण ओढला गेला. आम्हाला फक्त पडद्याखालून पाय दिसत होते. खूप पाय. मग हळूहळू कमी झाले. मग एकच जोडी उरली. लेकीच्या चपला.

संध्याकाळपर्यंत कॉट रिकामी झाली. चादर काढली, गादी पुसून दुमडून ठेवली. सलाईनचा स्टँड भिंतीला लावून ठेवला. पलीकडे कोणीही नव्हतं. मी स्वतः पाहिलं होतं.

आत्याचं जेवण आलं. सूप आणि कुस्करलेला बटाटा. तिचं मन लागत नसेल, आज भरवावं लागेल, असं मला वाटलं. पण ती उठून बसली. पडद्याकडे तोंड केलं.

"बटाटा आहे. आज मीठ बरोबर पडलंय."

मी पडद्याकडे पाहिलं. "आत्या... कोणाला सांगतेस?"

"तिने विचारलं ना."

"कोणी नाही विचारलं."

"तुला ऐकू नाही आलं?"

तिने घास तोंडात घातला. चावला. गिळला.

आणि पडद्यापलीकडून... गिळल्याचा आवाज आला.

स्पष्ट. बऱ्याच दिवसांची तहान असावी तसा. घटकन.

मी उठले. पडदा सर्रकन बाजूला केला.

दुमडलेली गादी. स्टँड. भिंत.

बस.

त्यानंतर आत्या भरपूर खायला लागली. ताट स्वच्छ. सिस्टर इतरांना सांगायच्या, "बघा, यांच्यासारखं खा." सगळे खूश. बाबांनीसुद्धा डॉक्टरांची माफी मागितली, "मी उगाच शंका घेतली."

पण एका दुपारी, रिकामं ताट मांडीवर असताना, आत्या मला म्हणाली, "ठमे, जेवण आलं नाही का गं अजून?"

"आत्ताच तर जेवलीस."

ती ताटाकडे पाहत राहिली. "घशाखाली उतरेपर्यंत असतं," ती हळूच म्हणाली. "मग नसतं."

घरी सोडायच्या आधी, जेवण आटोपताच, ज्युनिअर डॉक्टर तपासायला आले. नवीन पोरगाच होता. त्यांनी स्टेथोस्कोप आत्याच्या पोटावर ठेवला. ऐकलं. जागा बदलली. पुन्हा ऐकलं. स्टेथोस्कोपवर टिचकी मारून पाहिली.

"आवाज नाही येत का?" मी विचारलं.

तेवढ्यात आवाज आला. गुडगुड... गुडगुड... जेवण झाल्यावर पोटात होते ना, तशी. चांगली मोठी.

डॉक्टरांनी मान फिरवली.

कारण आवाज आत्याच्या पोटातून आला नव्हता. पडद्यापलीकडून आला होता.

"पलीकडे पेशंट आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. "सगळं ठीक आहे," म्हणाले आणि निघून गेले. मागे वळूनही पाहिलं नाही.

आम्ही आत्याला घरी आणलं.

मला वाटलं, सुटलो. जे काही होतं ते त्या खोलीत राहिलं.

पहिल्याच जेवणाला आत्याने स्वतःची खुर्ची सरकवली. समोरची रिकामी खुर्ची नीट समोर येईल अशी.

मी ताट वाढलं. बाबांना काय सांगणार? ते बिचारे सकाळपासून स्वयंपाकघरात. अंडी उकड, सूप कर, भाज्या मऊ शिजव, प्रोटीनची पावडर दुधात घाल. बहिणीला भरवून भरवून उभी करायची, एवढंच त्यांच्या डोक्यात. आणि आत्या सगळं खात होती. नाही म्हणतच नव्हती.

तरी वाळत चालली होती.

गालाची हाडं वर आली. बोटातली अंगठी गळून पडायला लागली. एकदा मी तिला अंघोळ घालत होते, तर पाठीचा एकेक मणका हाताला लागत होता. तिने शिवणाची टेप स्वतःच्याच कमरेला गुंडाळली, आकडा पाहिला आणि म्हणाली, "असं गिऱ्हाईक आलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई, आधी जेवून या."

मला रडू आलं. ती हसत होती.

तपासण्या झाल्या. रक्त, फोटो, सगळं. टाके उत्तम, जोड उत्तम, कुठे गळती नाही, जंतू नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, "खाणं वाढवा."

अजून किती वाढवणार?

शेवटी मीच एक उपाय करून पाहिला. त्या संध्याकाळी आत्याला माझ्या खोलीत बसवलं. तिथे दुसरी खुर्ची नव्हती. म्हटलं, "आज एक शब्द बोलायचा नाही. चव सांगायची नाही. फक्त खायचं. माझी शपथ आहे."

आत्याने मान हलवली. ओठ घट्ट मिटून बसली. मी पहिला घास भरवला. तिने चावला. डोळे माझ्यावर. गिळला.

काही झालं नाही.

दुसरा घास. काही नाही. मला हायसं वाटलं.

तिसरा घास तिच्या तोंडात होता... आणि माझ्या अगदी पाठीमागून, कानाजवळून...

"कसं लागतं?"

माझ्या हातातली वाटी पडली.

मी मागे वळले. कपाट होतं. कपाटाचं बंद दार होतं. मला काय झालं कोण जाणे, मी ओरडायलाच लागले. "पुरे करा आता! तुम्ही गेलात! तुम्हाला काही लागत नाही! सोडा माझ्या आत्याला!"

खोलीत एकदम शांतता झाली.

आणि मग... कोणीतरी रडायला लागलं.

मोठ्याने नाही. अंगात त्राणच नसलेलं माणूस रडतं तसं. धाप लागत, थांबत थांबत.

माझा राग कुठल्या कुठे गेला. एवढं केविलवाणं रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

आत्याने माझा हात धरला. तिची बोटं काड्यांसारखी झाली होती. "भुकेल्या माणसावर ओरडतात का गं?" ती म्हणाली. "सॉरी म्हण तिला."

"आत्या, ती तुला संपवतेय."

"तिला तरी कुठे कळतंय? थोडंसंच मागते. पोट भरतच नाही तिचं. मी काय करू?"

"नाही म्हण!"

आत्याने माझा हात सोडला. मग म्हणाली, "एकदा म्हटलं होतं. दिवसभर काही खाल्लंच नाही मी, तुम्हाला कळू दिलं नाही. पण ते रडणं... ठमे, तू आत्ता ऐकलंस ना? ते दिवसभर ऐकून दाखव."

मी खाली वाकून पडलेली वाटी उचलली.

थोड्याच दिवसांत आत्या न्हाणीघराच्या दारात कोसळली. नाडी लागत नव्हती. बाबा आणि मी तिला उचलून गाडीत घातलं. उचलायला दोघांची गरजच नव्हती. लहान मुलीएवढी झाली होती.

आत काहीतरी अडकलंय असं डॉक्टरांना वाटलं. पुन्हा पोट उघडावं लागेल म्हणाल्या. आम्ही बाहेर बाकावर बसलो. बाबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, "सकाळी खाल्लं तिने. मी स्वतः भरवलं."

मोठ्या डॉक्टर लवकरच बाहेर आल्या. मास्क खाली केला. चेहरा उतरलेला होता.

"कुठेही अडकलेलं नाही. जोड उत्तम भरून आलाय," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "एक विचारू? राग मानू नका. किती दिवस उपाशी होत्या त्या?"

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. "उपाशी? अहो, आज सकाळी दोन अंडी खाल्ली. दूध प्यायली. केळं खाल्लं."

डॉक्टरांनी मान हलवली. "आत काहीही नाही. वरपासून खालपर्यंत... काहीही नाही. पातळ कागदासारखं झालंय आतडं. अन्न कधी गेलंच नाही असं."

बाबांना वाटलं, या आपल्याला खोटं ठरवताहेत. ते भांडायला उठले. मी त्यांना धरून ठेवलं. डॉक्टर भांडल्या नाहीत. त्या आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या ती नजर मी विसरू शकत नाही. या लोकांनी आपल्या माणसाला उपाशी ठेवलं, असं त्यांना वाटत होतं.

मी खरं काय ते सांगितलं नाही. काय सांगणार होते?

आत्याला आयसीयूत ठेवलं. आता शिरेतूनच अन्न देत होते. मला वाटलं, तोंडाने नाहीच दिलं तर कदाचित वाचेल. दुपारी मला आत सोडलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते. मी वाकून कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"ठमे... तिला सांग..."

"काय सांगू?"

"आता काही उरलं नाही म्हणावं."

मशीनचा आवाज बदलला. सिस्टरने मला बाहेर काढलं.

आत्या गेली.

बाबा अजून त्या नव्या पद्धतीलाच दोष देतात. लवकर खायला दिलं म्हणून गेली, म्हणतात. मी वाद घालत नाही. तसं नाही हे मला माहीत आहे. त्या वॉर्डात तसंच खाऊन कितीतरी माणसं चालत घरी गेली, मी पाहिलीत. पण बाबांना कोणाला तरी दोष द्यायचाय. देऊ दे.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

मागच्या महिन्यात, दुपारची, दारावरची बेल वाजली. मास्तरीणबाईंची लेक उभी होती. हातात फळांची पिशवी. चेहऱ्यावर तजेला. मी आधी ओळखलंच नाही.

"पत्ता शोधत आले," ती म्हणाली. "आत्या आहेत का? त्यांचे आभार मानायचेत."

मी तिला आत घेतलं. मी काही सांगायच्या आत तीच बोलत सुटली. "तुम्ही हसाल, पण सांगते. आई गेल्यापासून रोज स्वप्नात यायची. सुकलेले ओठ, खोल गेलेले डोळे. काही बोलायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. मला अन्न गोड लागेना. मग हळूहळू तिचे गाल भरायला लागले. दर वेळी थोडे जास्त. मी विचारलं, आई, कोण देतं तुला? तर म्हणाली, त्या पलीकडच्या बाई देतात. देवमाणूस आहे."

ती डोळे पुसत हसली. "शेवटी तर इतकी छान दिसत होती! आजारपणाच्या आधीसारखी. म्हटलं, आत्यांना भेटून एकदा पाया पडावं. बऱ्या आहेत ना त्या?"

"आत्या गेली," मी म्हटलं.

तिचं हसू विरलं. "काय? कधी?"

मी सांगितलं. ती एकदम खुर्चीत बसली. फळांची पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. 

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"सांगा."

"त्याच सुमाराला..." तिने पिशवी आणखी आवळली. "त्याच सुमाराला आई शेवटची आली होती. एकटी नव्हती. तिच्या मागे कोणीतरी बसलं होतं. भिंतीकडे तोंड करून. इतकं बारीक की मला वाटलं लहान मूल आहे. मी विचारलं, आई, हे कोण?"

"मग?"

"आई म्हणाली, माझं झालं. आता हिला भूक लागलीय."

 चहा विचारायचंही मला सुचलं नाही. ती उठली, पिशवी टेबलावर ठेवू की नको अशी घुटमळली आणि शेवटी परत घेऊन गेली.

तेव्हापासून मी नीट जेवलेले नाही. ताटावर बसले की हात थांबतो. मी कान देऊन ऐकते. भांड्यांचा आवाज, नळाचा आवाज, बाबांच्या खोलीतला टीव्ही... दुसरं काही नाही. अजून तरी नाही.

तुम्हाला वाटेल मी आत्याला घाबरते. नाही. तिने मला वाढवलंय, तिची कसली भीती?

भीती वेगळीच आहे.

ती कधीतरी मागेल.

आणि मी तिला नाही म्हणू शकणार नाही.